तणनाशके आणि कोवळे गवत



मृगाचा पाऊस पडून पंधरा-वीस दिवस लोटले म्हणजे आपल्या भागातील गायराने, रस्त्यांच्या कडा आणि पडीक जमिनी हिरव्यागार दिसू लागतात. दुरून पाहणाऱ्यास वाटावे की यंदा चाऱ्याला तोटा नाही. परंतु जवळ जाऊन पाहिले तर त्या हिरवळीचा बराच भाग गाजर गवताचा, म्हणजे ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो त्याचा, असल्याचे आढळून येते. गाय त्याला तोंड लावीत नाही. चाऱ्यातून थोडे पोटात गेलेच तर दुधाला कडवट वास येतो. १९५५-५६ च्या सुमारास हे झाड पुण्यात प्रथम लक्षात आले. अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असावे, असे सामान्यतः मानले जाते. त्यानंतर थोड्याच दशकांत ते देशभर पसरले. एका झाडाला दहा हजारांहून अधिक बिया येतात हे कळल्यावर या प्रसाराचे आश्चर्य वाटेनासे होते.

येथे एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. गाजर गवत हे गवतच नव्हे! ते झेंडू, शेवंती आणि सूर्यफूल यांच्या कुळातील द्विदल झाड आहे. खरे गवत म्हणजे मारवेल, शेडा, पवन्या, डोंगरी, कुसळी, हरळी. आणि या नात्याने पाहिल्यास आपली ज्वारी, गहू व ऊस हीदेखील गवतेच होत. ती सर्व एकदल. नावातील ही गफलत लहानशी वाटते, पण पुढे सांगावयाची सर्व हकीकत या एकदल-द्विदल भेदावरच उभी आहे.

ती हकीकत माझ्या घरचीच आहे, आणि तिच्यातील दोषही माझाच आहे. आमचे गाव भालकी तालुक्यात. थोरले बंधू शेती पाहतात. दावणीला देवणी जातीच्या दोन गाई आणि एक गोऱ्हा आहे. देवणी जात लातूरकडच्या देवणीच्या नावाने ओळखली जात असली, तरी बीदर जिल्हाही तिचे माहेरच मानला जातो. दूध आणि नांगर या दोन्ही कामांना उपयोगी पडणारे असे जनावर फार थोडे. वानेरा, बाळंक्या व शेवरा हे तिचे तीन प्रकार आपल्यापैकी शेतकऱ्यांच्या मुलांना मी सांगावयास नकोत. सोयाबीन, तूर आणि ऊस यांचे क्षेत्र वाढले, ज्वारीचे घटले, आणि ज्वारीबरोबर कडबाही घटला. तेव्हा दादांनी तीन वर्षांपूर्वी वीस गुंठे मुरमाड माळ राखून ठेवला, कुळवून घेतला आणि मृगाच्या पावसावर त्यात मारवेलचे बी टाकले.

बी उगवले, परंतु त्याबरोबर, किंबहुना त्याच्या आधी, गाजर गवत उगवले. मारवेलचे रोप पहिल्या महिन्यात फार हळू वाढते. खुरपणीला माणसे मिळेनात. एका संध्याकाळी दादा मला म्हणाले, "तू शास्त्र शिकवतोस. हे काँग्रेस मरेल आणि आपलं गवत राहील, असं औषध आहे का?" मी तत्काळ पुस्तकी उत्तर दिले : "आहे. टू-फोर-डी. ते रुंद पानांची द्विदल झाडे मारते, गवताला मारत नाही." दादांनी वेष्टनावर सांगितलेल्या मात्रेप्रमाणे औषध कालवले आणि माळावर व माळाच्या बांधावर एकाच दिवशी फवारले. मारवेल त्या वेळी जेमतेम दोन पानांवर होता.

तिसऱ्या दिवशी गाजर गवताचे शेंडे पिळवटून खाली वळले. आम्ही संतुष्ट झालो. पण दहाव्या दिवशी मारवेलची रोपे फिकी दिसू लागली. नवी पाने उलगडण्याऐवजी कांद्याच्या पातीसारखी गुंडाळलेलीच वर येत होती. तिसऱ्या आठवड्यात एक रोप सहज बोटाने ओढले तर ते मुळासकट हाती आले. मुळे कसली, दोन-तीन आखूड, जाडसर खुंट होते. मध्यंतरी पावसानेही दडी मारली होती. अर्ध्याहून अधिक रोपे गेली. आश्चर्य असे की बांधावरचे मारवेलचे जुने ठोंब, ज्यांच्यावर त्याच दिवशी, त्याच पंपाने, तेच औषध पडले होते, ते डौलाने उभे होते.

एकच गवत, एकच औषध. मग एक का मेले आणि दुसरे का जगले? याचे उत्तर शोधताना मला जे वाचावे लागले, ते येथे मांडतो.

प्रथम हे औषध आले कोठून ते पाहू. गंमत अशी की त्याच्या शोधाची सुरुवात गवताच्या कोवळ्या अंकुरापासूनच झाली. चार्ल्स डार्विन व त्याचा पुत्र फ्रान्सिस यांनी कॅनरी गवताच्या अंकुरांवर प्रयोग केले आणि १८८० साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. अंकुर उजेडाकडे वळतो, पण त्याच्या टोकावर अपारदर्शक टोपी घातली तर वळत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे उजेड टोकाला कळतो आणि वळणे खाली घडते. तेव्हा टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे. पुढे १९२८ च्या सुमारास हॉलंडमधील फ्रिट्स वेंट या तरुण शास्त्रज्ञाने ओटच्या अंकुरांची टोके कापून ती अगारच्या तुकड्यांवर ठेवली. टोकातील द्रव्य तुकड्यात उतरले, आणि नुसता तो तुकडा बिनटोकाच्या अंकुरावर ठेवताच अंकुर पुन्हा वाढू लागला. या वाढीच्या द्रव्याला पुढे ऑक्झिन हे नाव मिळाले.

नैसर्गिक ऑक्झिन वनस्पतीच्या शरीरात अत्यल्प असते आणि त्याचे काम झाले की वनस्पती ते मोडून टाकते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये व अमेरिकेत शास्त्रज्ञांनी ऑक्झिनसारखीच कृत्रिम द्रव्ये तयार करून पाहिली. त्यांतील एक म्हणजे हे टू-फोर-डी. युद्धामुळे हे संशोधन गुप्त राहिले. १९४५ साली ते प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी हे औषध अमेरिकेत विक्रीस आले. द्विदल झाडाला हे कृत्रिम द्रव्य लवकर मोडता येत नाही. परिणामी, वाढीचा हुकूम थांबतच नाही. देठ एका बाजूने भराभर वाढतो म्हणून पीळ पडतो, खोडात अवेळी पेशी वाढून अन्नपाण्याच्या नळ्या चेपतात, मुळे काम सोडतात, आणि झाड मरते. याला विषबाधा म्हणण्यापेक्षा भलतीच वाढ म्हणणे अधिक योग्य.

गवत यातून का वाचते? कारणे एकाहून अधिक आहेत. गवताची पाने अरुंद आणि उभी असतात, त्यांवर मेणचट थर असतो. थेंब पुष्कळसे घरंगळून जातात. द्विदलाचे वाढीचे कोवळे टोक शेंड्यावर उघडे असते, तर गवताचे जमिनीलगत, पानांच्या गुंडाळीच्या आत दडलेले असते. म्हणून तर गाय रोज गवत खाते आणि ते रोज वाढते. शिवाय द्विदल खोडात अन्नपाण्याच्या नळ्यांमध्ये जो सतत वाढणारा थर असतो, तो गवतात नसतो; त्यामुळे तेथे भलती वाढ होऊन नळ्या चेपण्याचा प्रसंग तितका येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गवताच्या पेशी टू-फोर-डीच्या रेणूत फेरफार करून त्याला साखरेसारख्या पदार्थांशी जखडून निरुपद्रवी करू शकतात.

आता माझी चूक कोठे झाली ते पहा. वरील प्रत्येक संरक्षण वाढलेल्या गवताचे आहे. गवताच्या बीमधून प्रथम जे मूळ निघते ते तात्पुरते असते. रोपाला तीन-चार पाने फुटल्यावर, जमिनीच्या पृष्ठभागालगतच्या पेरांपासून दुसरी मुळे निघतात. पुस्तकात आपण त्यांना आगंतुक मुळे म्हणतो. गवताचा सारा पुढचा संसार या आगंतुक मुळांवर चालतो. त्याच सुमारास बुडातून फुटवेही येऊ लागतात. फुटवे आले म्हणजे रोपाला एकाऐवजी अनेक कोंब मिळाले. एक दगावला तरी बाकीचे आहेत. दोन पानांच्या रोपाजवळ यांपैकी काहीच नसते. एकच कोंब, एकच तात्पुरते मूळ, पानांवरचा मेणाचा थर पातळ, आणि औषध मोडून टाकण्यास लागणारी शिदोरीही तुटपुंजी. अशा वेळी टू-फोर-डी त्याच्या अंगात गेले, तर नेमक्या फुटू पाहणाऱ्या आगंतुक मुळांची वाढ बिघडते. ती आखूड, जाड, कधी एकमेकांस चिकटलेली अशी निघतात. मक्यावर अवेळी हे औषध पडले तर त्याच्या आधारमुळांची अशीच दशा होते, आणि गव्हावर पडले तर कांद्याच्या पातीसारखी पाने दिसतात. रोप लगेच मरत नाही. ते उभे राहते, पण जमिनीला धरून नसते. त्यात पावसाची ओढ बसली आणि वरचा दोन बोटांचा थर सुकला की खेळ आटोपला. बांधावरच्या जुन्या ठोंबांची मुळे खोल गेलेली होती. त्यांना या सर्वांचे काहीच वाटले नाही.

म्हणूनच गहू किंवा ज्वारीवर टू-फोर-डी मारावयाचे झाल्यास पीक चार-पाच पानांवर आल्यानंतर आणि कांडी धरू लागण्यापूर्वी मारावे, असा सर्वत्र सल्ला दिला जातो. नव्याने पेरलेल्या कुरणालाही हाच नियम लागू पडतो. मी दादांना औषधाचे नाव सांगितले, पाने मोजावयास सांगितले नाही.

तणनाशके अनेक असून प्रत्येकाची तऱ्हा निराळी आहे. कलबुर्गी जिल्हा तुरीसाठी प्रसिद्ध. तेथील तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तुरीच्या पेरणीनंतर लगेच, तण उगवण्यापूर्वी, पेंडीमिथॅलीन हे पिवळे औषध जमिनीवर फवारण्याची पद्धत आहे. हे औषध जमिनीच्या वरच्या थरातच बसून राहते आणि उगवत्या रोपाच्या पेशींचे विभाजन थांबवते. मुळाचे टोक मुद्गलासारखे फुगते आणि थांबते. तुरीचे बी मोठे असते व खोल पडते, म्हणून त्याची मुळे औषधाच्या थराखाली सुरक्षित फुटतात. गवताचे बी मात्र हलके, केसाळ आणि कुसळाचे. ते अर्ध्या बोटाहून खोल पेरताच येत नाही. म्हणजे ते नेमके त्या थरातच उगवते. याच कारणाने तुरीच्या शेताच्या बांधावर त्याच आठवड्यात मारवेलचे बी टाकणे व्यर्थ होय. या औषधाचा अंश जमिनीत काही महिने टिकतो. टू-फोर-डी मात्र ओलसर, उबदार जमिनीत जीवाणू काही आठवड्यांतच संपवतात.

ज्वारी, मका व ऊस यांत वापरले जाणारे ॲट्राझीन हे पानांतील प्रकाशसंश्लेषणाची साखळी तोडते. ज्वारी व मका त्याला मोडून टाकू शकतात. परंतु सर्वच गवतांना ते साधत नाही, आणि लहान बियांच्या कोवळ्या गवताला तर बहुधा नाहीच. सोयाबीनमध्ये काही औषधे नेमकी गवतेच मारण्यासाठी वापरली जातात. वाऱ्याने ती बांधावर गेली तर द्विदल तण राहते आणि मारवेल जातो, म्हणजे आपल्या इच्छेच्या बरोबर उलटे घडते. आणि ग्लायफोसेट तर हिरवे दिसेल ते सर्व मारते. काळ्या जमिनीत कुंद्याने शेतकऱ्याला जेरीस आणलेले असते. त्याची मुळे इतकी खोल जातात की खणून काढता काढता कंबर मोडते. कुंदा हेही एक गवतच आहे. त्यावर ग्लायफोसेट मारणाऱ्याला मी दोष देणार नाही, पण त्याच बांधावरचा मारवेल आणि शेडाही त्याबरोबर जातो आणि उघड्या पडलेल्या मातीत प्रथम कोण येते? तेच गाजर गवत.

आपल्या दख्खनच्या पठारावरील गवताळ प्रदेशाला दबडघाव व शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात शेडा आणि मारवेल यांच्या शास्त्रीय नावांवरूनच नाव दिले आहे. एवढा या दोन गवतांचा या भूमीवर हक्क आहे. गायरानांवर आज त्यांची जागा कुसळी आणि गाजर गवत घेत आहेत. त्यास अति चराई हे मोठे कारण आहे, तणनाशक नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र जेथे कोणी हौसेने, कष्टाने नवे गवत लावू पाहतो, तेथे चुकीच्या आठवड्यातील एक फवारणी वर्षाचे श्रम वाया घालवते.

जनावरांविषयी दोन शब्द. फवारलेल्या जागेत गुरे केव्हा सोडावीत याचा अवधी औषधाच्या माहितीपत्रकात दिलेला असतो, तो पाळावा. याला आणखी एक कारण आहे. टू-फोर-डी पडलेले तण मरता मरता चवीला बदलते. एरवी गुरे ज्याला हुंगतही नाहीत असे झाड कोमेजताना ती खाऊ लागतात. माठासारख्या काही तणांत अशा वेळी नायट्रेट साठते, ते रवंथ करणाऱ्या जनावरास घातक ठरते. पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी खाऊन गुरांना किराळ लागते हे आपण जाणतोच. तिचे कारण वेगळे असले तरी सावधगिरी तशीच हवी. फवारणारानेही नाक-तोंड व हात झाकावेत. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने टू-फोर-डीला ‘मनुष्यात कर्करोग होण्याची शक्यता असलेले’ या वर्गात घातले आहे. पुरावा अपुरा आहे असे तीच संस्था म्हणते; तथापि उघड्या अंगाने पंप पाठीवर घेण्यास तेवढे आश्वासन पुरेसे नाही.

आणि कुरणात द्विदल चाराही पेरला असेल, म्हणजे स्टायलो किंवा दशरथ घास, तर टू-फोर-डीचे नावच काढू नये. ते त्याला गाजर गवताच्या पंक्तीला बसवते. शेजारी कपाशी वा तूर असेल तर वाऱ्याच्या दिवशी पंप घरीच ठेवावा. कपाशी या औषधाला इतकी नाजूक आहे की वाऱ्याबरोबर आलेल्या अंशानेही तिची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरलेली दिसू लागतात.

आमच्या माळाचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. दुसऱ्या वर्षी दादांनी बी टाकलेच नाही. बांधावरच्या त्या वाचलेल्या ठोंबांतून मुळ्यांसकट फुटवे काढले आणि आषाढात, जमिनीला चांगला वाफसा असताना, दीड-दीड फुटावर लावले. फुटव्याला बुड आणि आगंतुक मुळे आधीच असतात. बियाच्या रोपाचा धोक्याचा महिना त्याने अगोदरच ओलांडलेला असतो. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी घरच्या माणसांनी उपटले. ते उघड्या हातांनी उपटू नये, कित्येकांच्या अंगावर त्याने चट्टे उठतात. आम्ही हातांना जुन्या पोत्याच्या पिशव्या बांधल्या. जेथे फार दाटी होती तेथे विळ्याने मारवेलच्या वरून छाटले. भाद्रपदात, मारवेलला पुष्कळ फुटवे आल्यावर, उरलेल्या तीन-चार गुंठ्यांत दादांनी टू-फोर-डी मारले, पण या वेळी मला विचारून नव्हे, स्वतः पाने मोजून. त्या तुकड्यात एक रोपही गेले नाही. गाजर गवताला मात्र तोवर फुले आली होती आणि ते पुरते मेले नाही. कोवळेपणी औषध मारावे तर गवत कोवळे, आणि गवत जून व्हावे म्हणून थांबावे तर तणही जून, अशी ही अडचण आहे. पहिल्या वर्षी खुरप्याला पर्याय नाही असे माझे मत झाले आहे. ते चुकीचे ठरल्यास मला आनंदच होईल.

दुसऱ्याही वाटा आहेत. गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ साली बंगळूरला प्रथम सोडण्यात आला, आणि आता आपल्याकडेही पावसाळ्यात तो पानांवर दिसतो. टाकळ्याचे बी गायरानाच्या कडेला टाकले तर तो गाजर गवताला दाबतो. या दोहोंचा कोवळ्या मारवेलला औषधासारखा धोका नाही. अधिक माहिती हवी असल्यास बीदरजवळ जनवाडा येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. गवताच्या संशोधनाचे मोठे काम झाशीच्या चारा संशोधन संस्थेत १९६२ पासून चालले आहे आणि तिचे दक्षिणेकडील केंद्र आपल्याच राज्यात धारवाडला आहे.

आपल्यापैकी ज्यांना या गोष्टीचा प्रत्यय घ्यावयाचा असेल त्यांनी औषधाला हातही न लावता एक प्रयोग करावा. एका पसरट कुंडीत माती व वाळू समभाग घेऊन वीस-पंचवीस ज्वारीचे दाणे, आणि मिळाल्यास दुसऱ्या कुंडीत मारवेलचे बी पेरावे. उगवल्यापासून दर तिसऱ्या दिवशी एक रोप अलगद उपटून पाण्यात धुवावे आणि वहीत त्याचे चित्र काढावे : पाने किती, बियापासून निघालेले मूळ केवढे, आणि जमिनीलगतच्या पेरापासून नवे मूळ कोणत्या दिवशी दिसले. ज्वारीत हे मूळ लवकर दिसेल, मारवेलमध्ये बरेच उशिरा. गेल्या पावसाळ्यात नववीच्या दोन विद्यार्थिनींनी अशा वह्या केल्या; त्यांतील मारवेलची चित्रे पाहून दादा पुष्कळ वेळ गप्प होते, आणि मग म्हणाले, "हे त्या वर्षी कुणी दाखवलं असतं तर?"